भरून ठेवलेलं नेट

तुमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?

रोज येत असेल तर तुम्ही नशीबवान. पण मग माझी ही फजिती तुम्हाला नीट समजायची नाही. तुम्ही म्हणाल, असं कुणी करतं का? ज्यांच्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं त्यांना मात्र लगेच कळेल. कदाचित ते म्हणतीलही, की बाई, तुमच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच केलं असतं. निदान मला तरी तसं वाटून घ्यायचंय.

आम्ही संभाजीनगरला सिडकोत राहतो. आमच्या गल्लीतल्या बायकांना एखादी चतुर्थी आठवणार नाही, पण पाण्याचा वार कुणी विसरत नाही. त्या दिवशी घरात जे जे पोकळ आहे ते सगळं भरायचं. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, बादल्या, कुकरची भांडी. एकदा तर घाईघाईत मी आमच्या ह्यांचा दाढीचा मगसुद्धा भरून वर झाकण ठेवलं होतं. येतंय तोवर भरून घ्यायचं, पुढचं पुढं. पंचवीस वर्षं संसार केला तो ह्या एकाच शिकवणीवर.

आता ह्या बाईच्या घरात नेट आलं तर ती काय करील?

आमची एकुलती एक लेक पल्लवी मेलबर्नला असते. तिला दिवस गेले तेव्हा मी जायची सगळी तयारी केली होती. मेथीचे लाडू, बाळंतविडा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, सगळं. आणि नेमकं ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. एक माणूस पलंगावर आणि एक लेक समुद्रापलीकडं, मी कुठं कुठं पुरणार? पल्लवीच म्हणाली, "आई, तू बाबांजवळ राहा. घरी चांगलं नेट घ्या, मी रोज तुला बाळ दाखवीन."

म्हणून नेट घेतलं. ते लावायला मोईनभाई आले. चाळिशीचे असतील, शांत माणूस, खिशात चार पेनं. त्यांनी भिंतीला भोक पाडून एक काळी वायर आत घेतली, तिचं टोक सोललं आणि माझ्यासमोर धरलं. आत केसाएवढं काहीतरी होतं. माझ्या चष्म्यातून तर दिसेचना.

"तार कुठंय, मोईनभाई?"

"यही तो है, काकू. कांच है. काच."

"काचेची तार? आणि वीज कशी जाणार त्यातून?"

"वीज नाही जात. लाईट जाती. रोशनी."

मी त्या केसाकडं बघत राहिले. आमच्याकडं जायकवाडीहून पाणी येतं ते केवढ्या पाइपातून. मी एकदा पैठणला जाताना पाहिलाय तो पाइप, त्यात माणूस वाकून चालू शकेल. एवढा मोठा पाइप, एवढं जवळचं धरण, तरी आठवड्यातून एकदा. आणि हे केसातून येणार?

"यातून माझी लेक दिसेल?"

"लेक क्या काकू, पूरा मेलबर्न आयेगा."

आणि खरंच आलं. त्याच संध्याकाळी पल्लवी टीव्हीवर दिसली, तिच्या गालावरचा तीळसुद्धा. मी टीव्हीला हात लावला. हे पलंगावरून म्हणाले, "अगं, बोटं उमटतील." उमटू देत म्हटलं.

पुढं बाळ झालं. मुलगी. इतकी इतकीशी मूठ. रोज सकाळी मी तिला डोळे भरून बघायचे आणि रोज मला वाटायचं, हे फार चांगलं चाललंय. तुम्हाला माहीत आहे ना ती भावना? पाणी फार जोरात येत असलं की आपल्याला आनंद होत नाही, भीतीच वाटते. आता कधीही जाईल म्हणून.

एक दिवस पल्लवी म्हणाली, "आई, तीन आठवड्यांनी रविवारी बारसं करतोय. इथं दुपारचे बारा म्हणजे तुमच्याकडं सकाळचे साडेसात. आणि पाळणा तू म्हणायचा. इथं चाळीस माणसं येणार आहेत, पण पाळणा एकालाही येत नाही. आजीचा म्हण. नऊच्या नऊ कडवी."

माझ्या आईचा तो पाळणा. देवगाव रंगारीला आमच्या घरी तिनं प्रत्येक बाळासाठी म्हटलेला. तो कुठं लिहिलेला नाही. आईकडून माझ्याकडं आला, आणि माझ्याशिवाय आता तो कुणाला येत नाही. पल्लवी झाली तेव्हा आईनं म्हटला होता. आता तिच्या लेकीला मी म्हणणार. माझे तर डोळेच भरून आले.

तेवढ्यात पलंगावरून आमचे हे म्हणाले, "आणि त्या दिवशी नेटच गेलं तर?"

बघा, ह्यांना काही फार बोलायची सवय नाही. दिवसातून चार वाक्यं. पण त्यातलं एक असं असतं.

मी त्या विचारातच होते, तर दुसऱ्या दिवशी जळगावहून माझ्या नणंदेचा, शोभावन्संचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मी तर बाई, प्रवासाला निघायच्या आधी मालिका डाउनलोड करून ठेवते. मग वाटेत नेट नसलं तरी चालतं."

"नेट नसलं तरी चालतं?"

"हो. तो खाली जाणारा बाण असतो ना, तो दाबायचा. मग भरून राहतं ते."

भरून राहतं.

आता सांगा, ह्यात माझं काय चुकलं? शिकलेलं माणूस मला म्हणतंय की नेट भरून ठेवता येतं, मग नेट गेलं तरी चालतं. मी दहावी शिकलेली बाई. मला वाटलं, अरेच्चा, हे तर आपलंच काम. यात तर आपला हात कुणी धरणार नाही.

मी बाण दाबायला सुरुवात केली. आधी माझा फोन भरला. कीर्तनं, लोणच्यांच्या पाककृती, गुडघ्याचे व्यायाम, मुलांची गाणी. तो भरल्यावर ह्यांचा फोन भरला. मग माळ्यावरून पल्लवीचा जुना लॅपटॉप काढला. त्याच्यात तर ड्रमसारखी जागा. एका पौराणिक मालिकेचे चारशे भाग होते, ते सगळे घेतले. भरताना तिथं विचारायचं, कसं पाहिजे, हलकं की भारी? मी प्रत्येक वेळी सगळ्यात भारी दाबलं. भरायचंच तर चांगलं भरावं.

आणि रोज रात्री झोपताना मला कसं निवांत वाटायचं. जसं सगळे ड्रम भरून वर झाकणं ठेवल्यावर वाटतं तसं. बारशाच्या दिवशी नेट गेलं तर गेलं, आपल्याकडं एवढं भरलेलं आहे. त्यातून दोन तास निघतीलच.

पण एक शंका होती. पाण्याच्या लाइनीचं काय होतं, की मधे बंद राहिली की तिच्यात हवा भरते. मग पाणी आलं तरी नळ नुसता फुसफुस करतो. नेटच्या लाइनीचंही तसंच झालं तर? म्हणून मी ठरवलं की लाइन वाहती ठेवायची. टीव्हीवर एक समुद्राच्या तळाचं चित्र सापडलं. रंगीबेरंगी मासे पोहतात, बाकी काही नाही. संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. आवाज बंद करून मी ते लावून ठेवलं. दिवसरात्र. अगदी बारीक धार सोडतात तसं.

आमच्या ह्यांना ते फार आवडलं. बिचारे पडून असायचे, त्यांना तेवढीच करमणूक. दोन दिवसांत त्यांनी एका जाड्या पिवळ्या माशाला त्यांच्या कंपनीतल्या जुन्या सुपरवायजरचं नाव ठेवलं. "बघ," म्हणायचे, "काम काही करत नाही, नुसता राउंड मारतो."

असे सोळा दिवस गेले. बारसं तीन दिवसांवर आलं. गुरुवारी सकाळी पल्लवीला फोन लावला, तर काय, तिचा चेहरा चौकटी-चौकटींचा. नाक एकीकडं, कपाळ एकीकडं. बाळ तर एका मोठ्या ठिपक्यासारखं. "आ... ई... पा... ळ..." एवढं म्हणाली आणि चित्र गोठलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मी दहा मिनिटं त्या उघड्या तोंडाकडं बघत बसले.

मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, असं दाबत दाबत एका मुलीपर्यंत पोचले. आवाज फार गोड होता तिचा.

"मॅडम, तुमच्या कनेक्शनला फेअर युसेज पॉलिसी लागू झाली आहे."

"नाही हो बाळा. आमची एकच पॉलिसी आहे, विम्याची. ती ह्यांच्या नावावर आहे."

"ती नाही, मॅडम. ठरलेल्यापेक्षा जास्त वापर झाला की स्पीड कमी होतो, ती पॉलिसी."

"अगं, पण जास्त वापर होईल कसा? घरात माणसं दोन. त्यातलं एक पलंगावर."

तिच्याकडून टकटक ऐकू आली. "मॅडम, तुमचा ह्या महिन्याचा हजार जीबी डेटा संपलाय."

"हजार जीबी म्हणजे साधारण किती होतं?"

"खूप होतं, मॅडम."

"पण आम्ही वापरलंच नाहीये." आणि हे मी अगदी मनापासून सांगत होते. आम्ही कुठं वापरलं होतं? आम्ही तर भरून ठेवलं होतं. त्यातला एक भागसुद्धा उघडून पाहिला नव्हता, साठ्यातलं कमी होईल म्हणून.

"मग पासवर्ड कुणाला दिलाय का बघा, मॅडम. कधी कधी शेजारचेसुद्धा ओढतात."

ओढतात. तुमच्या गावात ह्या शब्दाचा अर्थ काय आहे मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत एकच आहे. पाणी आलं की कुणीतरी लाइनीला थेट मोटार लावतं, त्याच्या टाकीवरून पाणी सांडतं आणि बाकीच्यांच्या नळाला थेंब येत नाही. त्यावरून आमच्याकडं सोयरिका मोडलेल्या आहेत.

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "कुणीतरी मोटार लावलीय."

हे माशाकडं बघत होते. तोही आता अडकत अडकत पोहत होता. "कुणी?"

कुणी म्हणजे? पासवर्ड मी एकाच माणसाला दिला होता. शेजारच्या साळवे सिस्टरना. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. दीड महिन्यापूर्वी त्यांना पेन्शनचा काहीतरी फॉर्म भरायचा होता, म्हणून मीच कागदावर पासवर्ड लिहून दिला होता. आमच्या दोघींचं इतकं चांगलं होतं की काय सांगू. ह्यांच्या गुडघ्याची पट्टी पंधरा दिवस त्यांनीच बदलली. माझं मन मानायला तयार नव्हतं.

पण शुक्रवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून सिनेमाचा आवाज येत होता. अजिबात न अडकता.

भांडायला कसं जायचं मला येत नाही. म्हणून मी शेंगोळे केले, वाटीभर घेतले आणि गेले. म्हटलं, आडून विचारू.

"या मंगलताई, या," सिस्टर म्हणाल्या. "लई दिवसांनी. वास तर काय सुटलाय."

मी बसले. पदर सारखा केला. "सिस्टर, तुमच्याकडं प्रेशर कसं आहे हो सध्या?"

"माझं? बरं आहे की. गोळी चालू आहे. एकशे तीसच्या वर नाय जात."

"तसं नाही. आमचं एकदम कमी झालंय."

"कमी? कधीपासून?"

"कालपासून. मधेच येतं, मधेच बंद पडतं. थेंब थेंब चाललंय."

सिस्टर उठून उभ्याच राहिल्या. "बंद पडतंय अन् तुम्ही शेंगोळे करत बसल्या? व्हय हो? बसा इथं. बाही वर करा."

"अहो, तसं नाही..."

"बोलू नका. बोललं की वाढतं."

त्यांनी तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला. त्यांनी बोलू नका म्हटलं की डॉक्टरसुद्धा गप्प बसत असणार. माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुसफुस हवा भरली, काट्याकडं बघितलं आणि भुवया वर केल्या.

"एकशे साठ-शंभर. हे कमी आहे? झोप लागते का रात्री?"

"झोप कशी लागेल, सिस्टर? लाइनीवर कुणीतरी मोटार लावलीय."

"पाण्याच्या?"

"नेटच्या."

त्यांनी माझ्या डोळ्यांत निरखून पाहिलं. एक डोळा, मग दुसरा. चक्कर आलेल्या माणसाकडं बघतात तसं. "नेटला मोटार लावता येते?"

"कंपनीची मुलगी म्हणाली तसं. शेजारचे ओढतात म्हणून."

"शेजारचे."

"मी काही तुमचं नाव घेतलं नाही."

"नाय घेतलं. पण माझ्या एका अंगाला तुम्ही, अन् तुमच्या दुसऱ्या अंगाला गुलमोहर. मग त्या गुलमोहरानं लावली म्हणायची."

मी खाली बघत होते. पट्टा अजून माझ्या दंडावरच होता. त्यांनी तो एका झटक्यात सोडला, चर्रर्र आवाज झाला. मग त्या आत गेल्या. शेंगोळे त्यांच्या भांड्यात काढले, माझी वाटी घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली. रिकामी.

आमच्याकडं वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालतात. पंचवीस वर्षांत आमच्या दोन घरांमधून रिकामी वाटी कधी गेली नव्हती. मी घरी आले आणि ती वाटी ओट्यावर उपडी ठेवली. बघवेना तिच्याकडं.

शनिवारी सकाळी मोईनभाई आले. बारशाला एक दिवस उरला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. मोटार लावलीय, कुणी लावली तेही ठाऊक आहे, फक्त बारशापुरती सोडवून द्या.

त्यांना माझं बोलणं फारसं समजलं नसावं. "पहले लाइन देखते, काकू," म्हणाले. त्यांनी भिंतीजवळची ती वायर काढली, बाहेर खांबावर जाऊन काहीतरी लावून आले आणि मला ते टोक दाखवलं. "डोळ्यासमोर नको धरू. बाजूने देख."

त्या केसाच्या टोकावर एक लाल ठिपका पेटला होता. कुंकवाच्या बारीक टिकलीएवढा. इतका स्वच्छ, इतका स्थिर. मी श्वास रोखून बघत होते. मला वाटलं, माझी नात ह्यातून येते. तिची मूठ, तिची जांभई, सगळं ह्या टिकलीतून.

"लाइन एकदम सोना आहे, काकू. कुठं कट नाही, काही नाही."

"हे कुठून येतं, मोईनभाई? सुरुवात कुठं आहे?"

"हे? खांब्यावरून अपने ऑफिसला. ऑफिसवरून मुंबई. मुंबईवरून समंदरके नीचेसे."

"समुद्राखालून? ही काच?"

"हौ. ऐसीच. हजारो मैल. उप्पर जहाज चलते, नीचे ये पडेली. तुमी इधर हॅलो बोल्या तो पलक झपकने के अंदर उधर."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनीही माझ्याकडं पाहिलं. समुद्राच्या तळाशी अंधारात पडलेल्या काचेच्या केसातून माझा हॅलो एकटा चाललाय, ही कल्पना काही आमच्या डोक्यात मावेना.

मोईनभाईंनी तोवर फोनवर काहीतरी उघडलं होतं. ते एकदा फोनकडं बघत, एकदा आमच्या दोन खोल्यांकडं.

"काकू, इधर शादी का हॉल चालता क्या?"

"नाही हो."

"मग रोज इत्ता कौन देखता?" आणि तेवढ्यात त्यांची नजर टीव्हीवर गेली. पिवळा मासा तुकड्या-तुकड्यांनी पुढं सरकत होता. "ये मछली कबसे चालू है?"

"अठरा दिवस झाले," हे पलंगावरून म्हणाले. जरा अभिमानानंच.

"रात को बंद?"

"बंद कसं करायचं?" मी म्हटलं. "लाइनीत हवा भरते ना."

मोईनभाईंनी हातातली पक्कड खाली ठेवली. "कायमें?"

"लाइनीत. हवा. मग प्रेशर येत नाही."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले. मी मग लॅपटॉप आणून दाखवला, चारशे भाग, एकही न उघडलेला. दोन्ही फोन दाखवले, काठोकाठ भरलेले. त्यांनी सगळं नीट पाहिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "काकू, तुमच्याकडं पाणी किती दिन में आता?"

"आठ."

"हमारे यहाँ भी आठ." त्यांनी मान हलवली. "समझ गया. काकू, पाणी भरला तो तो तुमचा. नेटला मीटर आहे. देखे तो भी गिनते, भरे तो भी गिनते. मछली ने पिया, तो भी तुम्हारेच खाते में."

"म्हणजे हे कुणी ओढलं नाही?"

"तुमीच ओढ्या." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "ये देखो. चार चीज जुडेली है. दो फोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही. बस."

"आणि सिस्टर?"

"सिस्टर का तो खुद का कनेक्शन है ना. पिछले महिने मैनेच लगाया. तुमच्याहून डबल स्पीड का."

ह्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं. मग म्हणाले, "सगळ्या दुनियेच्या लाइनीला एकटीनं मोटार लावली."

तुम्हाला खरं सांगू? लाज तर वाटलीच. पण त्याहून जास्त मी थक्क झाले होते. समुद्र ओलांडून आलेला तो उजेड, पलक झपकायच्या आत आलेला, आणि मी तो अठरा दिवस मोरीत सोडल्यासारखा वाहू दिला. तेही कशासाठी, तर तो वाया जाऊ नये म्हणून.

"मोईनभाई, उद्या सकाळी बारसं आहे. काही तरी करा."

"इस प्लॅनमें बीचमें कुछ बढता नाही, काकू. सोमवार को महिना बदलेगा, अपने आप फुल स्पीड."

"फोनवरचं नेट?" मी विचारलं.

ते चालायचं नाही हे त्यांनाही माहीत होतं. आमच्या घरात मोबाइलच्या नेटची रेंज फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते, तीही माणूस भिंतीला चिकटून उभं राहिलं तर. तिथून हॅलो जाईल, नऊ कडवी जायची नाहीत.

जाताना मोईनभाई अगदी सहज म्हणाले, "तुमी सिस्टर को बोलो ना. बाजू में तो है. वो ना थोडेच बोलेंगे?"

बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी दुपारभर घरात फिरत होते. सिस्टरच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. एकदा मनात आलं, पल्लवीला सांगावं की पाळणा राहू दे, टाळ्या वाजवा आणि नाव ठेवा. मग माझ्या आईचा पाळणा डोक्यात सुरू झाला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. नऊ होईपर्यंत मी सिस्टरच्या दारात उभी होते. ह्या वेळी हातात काही नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. "काय, प्रेशर वाढलं का?"

"सिस्टर, माझं चुकलं."

"मोटार सापडली?"

"सापडली. माझ्याच घरात होती."

आणि मग मी सगळं सांगितलं. बाण, चारशे भाग, मासे, लाइनीतली हवा. लपवायचं तरी काय? त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या, चेहरा वॉर्डातल्यासारखा. माशाचं नाव ऐकलं तेव्हा त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरा हलला. हवेपाशी आल्यावर त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मी कधी सिस्टरना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यातलं पाणी पुसत पुसत त्या खाली बसल्या. मी पण बसले, उंबऱ्यावरच.

"मंगलताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला चोर म्हणाल्या, ते मी आणखी पंचवीस वर्षं इसरणार नाय. घरोघर सांगणारे मी."

"सांगा."

"अन् नळाच्या दिवशी माझे दोन ड्रम तुम्ही भरायचे. वर्षभर."

"भरीन."

"बाळ केवढं आहे? किती वजनाचं झालं?"

"तीन किलो शंभर."

"मग ठीक आहे. किती वाजता आहे बारसं?"

"साडेसातला."

"सातला या. साडी नीट नेसून या, तिथली मंडळी बघतील. अन् पलंगावरच्या माणसालाही आणा, मी धरते एका बाजूनं."

मी उठले. जिन्यापर्यंत आले तर मागून त्यांचा आवाज आला, "अन् बाण-बिण दाबू नका माझ्या घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलबर्नमध्ये माझ्या नातीचं नाव ठेवलं गेलं, आणि मी साळवे सिस्टरच्या सोफ्यावर बसून, तब्बल दोन तास त्यांचं नेट ओढून, पाळण्याची नऊच्या नऊ कडवी म्हटली.